सह्याद्री ढग अडवतो, मग माणवर जुलैभर ढग कसे?

तुम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, नोकरीमुळे पुण्यात राहता. जुलैत गावी गेलात तेव्हा नववीतल्या मुलीने आभाळाकडे बघून विचारलं, "बाबा, पुस्तकात लिहिलंय की सह्याद्री ढग अडवतो म्हणून इकडे पाऊस पडत नाही. मग हे ढग कुठून आले?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. शिवाय तुमचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत. डोंगराआड वाळवंट होतं म्हणतात, तर माणचं वाळवंट का झालं नाही? आणि गावात नेहमी बोललं जातं की सह्याद्रीला मोठी खिंड पाडली तर पाऊस आत येईल, त्यात काही तथ्य आहे का?

मुलीला आधी शाबासकी द्या. पुस्तकातलं वाक्य आणि डोक्यावरचं आभाळ जुळत नाही हे तिने पाहिलं. मी गेली सव्वीस वर्षं पाणलोटाच्या कामात आहे. पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करायच्या आणि त्यावरून कुठल्या ओढ्याला किती पाणी येईल, बंधारा कुठे बसेल, याचा हिशेब मांडायचा हे माझं रोजचं काम. कामाचा टापू सातारा जिल्हाच, घाटमाथ्यापासून म्हसवडपर्यंत. गावोगावच्या बैठकांत हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला आहे, आणि दर वेळी घोळ एकाच शब्दाने केलेला असतो. तो शब्द म्हणजे 'अडवतो'.

आकडे बघा. सह्याद्रीचा माथा साधारण हजार-बाराशे मीटर उंच. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा पाच-सहा किलोमीटर उंचीपर्यंत वाहत असतो, आणि त्याचा सगळ्यात वेगवान थर दीड किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे पाच-सहा मजले उंचीचा लोंढा येतोय आणि समोर एका मजल्याचा कठडा आहे. एवढ्याशा कठड्याने लोंढा थांबत नाही. तो वर चढतो आणि पलीकडे जातो. थांबत असता तर वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात इतक्या जोरात फिरल्याच नसत्या. तुमच्या गावी जुलैत छत्री उलटी करणारा जो पश्चिमेचा वारा सुटतो, तो तोच वारा आहे. घाट ओलांडून आलेला.

मग पाऊस कुठे जातो? तो चढणीवर पिळून निघतो. पण पिळलं जाणं ही गोष्टीची अर्धीच बाजू आहे, आणि पुस्तकं बहुतेक वेळा इथेच थांबतात. उरलेली अर्धी बाजू उतरणीची आहे. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

हवा वर चढली की थंड का होते, हे मुलीला सायकलवर दाखवा. ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हसमोर बोट धरलं की हवा गार लागते, कारण दाबातून सुटलेली हवा पसरते आणि पसरताना स्वतःची उष्णता खर्च करते. पंप मारताना उलट होतं, हवा दाबली जाते आणि पंपाचं बूड गरम होतं. डोंगर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होत जातो, म्हणून ती पसरते आणि गार होते. डोंगर उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. यात सूर्याचा काही संबंध नाही. उतरणारी हवा रात्रीसुद्धा तापते.

ढग नसलेली हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी बदलते, चढताना गार होते आणि उतरताना गरम. ढग तयार झाला की मात्र हिशेब बदलतो. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, एका ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी. त्यामुळे ढगातून चढणारी हवा हळू गार होते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हा दर किलोमीटरला साडेचार-पाच अंश धरायला हरकत नाही.

आता एका हवेच्या गोळ्याबरोबर प्रवास करू. कोकण किनाऱ्यावर तो २८ अंशांना निघाला. ४०० मीटरपर्यंत कोरड्या दराने चढला आणि २४ अंशांवर आला. इथे हवा वाफेने पूर्ण भरली, ढगाचा तळ लागला. पुढे १,३०० मीटरच्या माथ्यापर्यंत तो ढगातून चढला, म्हणजे ९०० मीटरमध्ये चार अंश गेले आणि माथ्यावर २० अंश राहिले. वाटेत पाऊस पडून गेला. आता पूर्वेला तो ६०० मीटर उंचीच्या देशावर उतरतो. ढगातलं पाणी खाली पडून गेलेलं असल्यामुळे उतरताना तो कोरड्या दराने तापतो, ७०० मीटरला सात अंश. खाली पोचतो तेव्हा २७ अंश. चढताना हाच गोळा ६०० मीटरवर होता तेव्हा २३ अंशांचा होता. एकाच उंचीवर चार अंशांचा फरक पडला, आणि तो पावसाने मागे सोडलेल्या उष्णतेचा आहे.

आता आर्द्रतेचं बघा. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. ३० अंशांना ३० ग्रॅम. भांडं मोठं झालं आणि आतलं पाणी तेवढंच राहिलं, म्हणजे भांडं रिकामं दिसायला लागतं. माथ्यावर शंभर टक्के भरलेली हवा खाली देशावर पोचेपर्यंत सत्तर टक्क्यांच्या आसपास येते. तिच्यात वाफ नाही असं नाही, पुष्कळ आहे. पण ती आता पाणी सोडायच्या तयारीत नाही, उलट शोषायच्या तयारीत आहे. म्हणून जुलैच्या ढगाळ दिवसातही माणमध्ये दोरीवरचं धुणं वाळतं आणि त्याच दिवशी महाबळेश्वरात आठ दिवस घातलेलं धुणं ओलंच असतं.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात हवा मिसळते, काही ढग पाण्यासकट पलीकडे जातात, वरच्या थरातली कोरडी हवा खाली येते. पण दिशा हीच आहे.

एका मिलिमीटर पावसाचं एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी होतं. एक लिटर पाणी तयार होताना जी उष्णता सुटते ती पाऊण युनिट विजेपेक्षा थोडीशी कमी. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे तिथल्या एका चौरस मीटरवरच्या हवेत साडेतीन हजार युनिटांहून जास्त उष्णता सुटते. एखाद्या साध्या घराला तीन वर्षं पुरेल एवढी वीज, एका चौरस मीटर जागेवर. ही उष्णता त्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघते.

नकाशावर बघण्यापेक्षा हे गाडीतून बघावं. जुलैच्या मध्याला मी दर वर्षी एकदा तरी हा रस्ता करतो. सकाळी महाबळेश्वरात धुकं इतकं की समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसतो आणि गाडी दिसत नाही. जुन्या घरांच्या भिंतींना माऱ्यापासून वाचवायला बाहेरून गवत बांधलेलं. रस्त्याने एकोणीस-वीस किलोमीटर आलं की पाचगणी. उंची जवळजवळ तेवढीच, पाऊस मात्र वर्षाला १,८०० मिलिमीटरच्या आसपास. एक-तृतीयांश. पसरणीचा घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर वायपर बंद करावा लागतो, काच कोरडी पडून वायपर खरडायला लागतो. खाली वाईत ७०० ते ८०० मिलिमीटर. सातारा, कोरेगाव मागे टाकून पुसेगावच्या पुढे गेलं की रस्त्याच्या कडेची माती उडायला लागते. दहिवडीत वर्षाचा पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो आणि तेवढ्यात पाऊस दहा-बारा पटींनी कमी झालेला असतो. सकाळी जांभूळ-अंजनाचं सदाहरित रान, दुपारी बाभूळ, बोर आणि तरवड. पुणे जिल्ह्यातल्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरतो. कोरड्या माळाचं जनावर, आणि घाटमाथ्यावरच्या दाट जंगलापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही लांब नाही.

पाचगणीबद्दल एक शंका दरवेळी निघते. उतरण तर पाचगणीनंतर लागते, मग पाऊस आधीच एवढा कसा घटला? कारण चढण संपली. हवा सपाट पठारावरून वाहते आहे, तिला कोणी वर ढकलत नाही. तिथे पडतो तो बराचसा पाऊस पश्चिमेच्या कड्यावर तयार होऊन वाऱ्याबरोबर पुढे वाहून आलेला असतो. थेंबाला दीड किलोमीटर खाली यायला पाच मिनिटं लागतात, आणि वारा सेकंदाला पंधरा मीटरचा असेल तर तेवढ्यात थेंब साडेचार किलोमीटर पुढे जातो. बारीक थेंब आणखी लांब जातात. म्हणून पावसाची सावली, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, माथ्यावर एकदम सुरू होत नाही, काही किलोमीटर पुढे सरकून सुरू होते आणि पुढे गडद होत जाते. बंधाऱ्याचा हिशेब करताना मला हे फार जपावं लागतं. माथ्यापासून आठ किलोमीटरवरच्या आणि वीस किलोमीटरवरच्या गावाला एकच आकडा लावला तर बंधारा एकतर फुटतो नाहीतर कोरडा राहतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली. तालुक्याच्या गावाचा पाऊस वरच्या वाडीला लावला आणि पहिल्याच मोठ्या पावसात सांडव्याला पाणी पेललं नाही. बांधाची एक कड वाहून गेली, खालच्या दोन शेतांत गाळ बसला. तेव्हापासून जवळच्या मापकाचा आकडा नसेल तर मी आराखड्यावर सही करत नाही.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. माणवरून जुलैत धावणारे ढग खरे आहेत, पाण्याचेच आहेत. ते पडत का नाहीत?

ढगातला एक कण साधारण दोन-शतांश मिलिमीटरचा असतो आणि पावसाचा चांगला थेंब दोन मिलिमीटरचा. व्यासात शंभर पट, म्हणजे घनफळात दहा लाख पट. दहा लाख कण एकत्र आले तर एक थेंब. त्यासाठी ढग उंच पाहिजे, आत हवा वर चढत राहिली पाहिजे आणि कणांना एकमेकांवर आदळायला वेळ मिळाला पाहिजे. घाटाच्या चढणीवर हे सगळं आयतं मिळतं. माणवर हवा उतरून आलेली, खालची हवा कोरडी आणि डोक्यावर बऱ्याचदा आणखी कोरड्या हवेचं झाकण. ढग पसरट राहतात, वर वाढत नाहीत. जे थोडे थेंब तयार होतात ते खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेत विरून जातात. दूरच्या डोंगरावर ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते आणि ती जमिनीपर्यंत पोचत नाही, हे तुमच्या मुलीने पाहिलं असेल. तो पाऊसच असतो. फक्त आपल्यापर्यंत न आलेला.

माझ्याकडच्या नोंदवहीत माणच्या मापकांची जुलैची पानं अशी दिसतात: ०.४, निरंक, १.२, ०.८, निरंक, निरंक, २.०. हवामानशास्त्रात दिवसाला अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. अख्खा आठवडा आभाळ झाकलेलं आणि पावसाचा दिवस एकही नाही. शेतकऱ्याला सगळ्यात जास्त छळणारी हीच स्थिती. ऊन नाही म्हणून पीक पिवळं पडतं, पाऊस नाही म्हणून वाढत नाही, आणि वारं उरलीसुरली ओल घेऊन जातं.

याच ढगांवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला तळ ठेवून विमानाने प्रयोग केले, पाणी शोषणाऱ्या क्षारांचे कण ढगात सोडून थेंब मोठे होतात का ते तपासलं. तुम्ही कृत्रिम पावसाबद्दल विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो, म्हणून सांगतो. हे तंत्र असलेल्या ढगातून थोडं जास्त पाणी काढू शकतं. ढग वाढत नसेल, किंवा नसेलच, तर ते काही करू शकत नाही. टंचाईच्या वर्षी नेमकं ढगांचंच दुर्भिक्ष असतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: डोंगर हवेला वर चढवतो, चढताना पाणी गळतं आणि त्याची उष्णता हवेतच राहते, उतरताना हवा दाबली जाऊन आणखी तापते, आणि तापलेली हवा पाणी सोडत नाही. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

आता वाळवंट. डोंगर आहे म्हणजे पलीकडे वाळवंट, असं सरळ समीकरण नाही. डोंगर किती उंच, वारा त्याला काटकोनात येतो की समांतर, वाऱ्यात ओल किती उंचीपर्यंत आहे, हवा चढायला तयार आहे की थंड आणि जड असल्यामुळे डोंगराला वळसा घालून जाते, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात निर्णायक प्रश्न एकच: त्या प्रदेशाला पावसाची दारं किती? डोंगराने एक दार बंद केलं, तर दुसरं उघडं आहे का?

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. अँडीज ही एकच रांग उत्तर-दक्षिण पसरलेली. दक्षिणेकडे, पॅटागोनियात, वारा वर्षभर पश्चिमेकडून येतो. तिथे चिलीच्या बाजूला काही ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरवर पाऊस, आणि रांग ओलांडून अर्जेंटिनात उतरलं की दोनशेच्या आसपास. वाळवंट पूर्वेला. त्याच रांगेने उत्तरेकडे आलं की ओलसर वारा अ‍ॅमेझॉनकडून, पूर्वेकडून येतो, आणि वाळवंट पश्चिमेला आहे. तेच अटाकामा. तिथल्या अरिका शहरात वर्षाची सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही. डोंगर तोच, वाऱ्याची दिशा उलटली आणि सावलीने कूस बदलली. पण अटाकामा इतकं टोकाचं कोरडं होण्यात अँडीजचा वाटा फक्त एक आहे. किनाऱ्यालगत थंड समुद्रप्रवाह आहे, त्यावरची हवा गार आणि जड, वर चढतच नाही. आणि डोक्यावर कायम खाली बसणारी हवा. तिन्ही दारं बंद.

अमेरिकेतली डेथ व्हॅली ही एकामागे एक चाळण्यांची गोष्ट आहे. पॅसिफिकवरून येणाऱ्या वाऱ्याला आधी किनाऱ्याजवळच्या रांगा, मग साडेचार हजार मीटरला भिडणारी सिएरा नेवाडा, मग आणखी दोन रांगा. प्रत्येक रांग थोडं पिळते. शेवटी हवा समुद्रसपाटीपेक्षाही ८६ मीटर खाली उतरते, म्हणजे दाबली जाऊन तापण्याची हद्द. वर्षाचा पाऊस पन्नास-साठ मिलिमीटर. १० जुलै १९१३ रोजी तिथे नोंदलेलं ५६.७ अंश हे जगातलं सर्वाधिक अधिकृत तापमान मानलं जातं, त्यावर काही तज्ज्ञांचा आक्षेप असला तरी.

आपल्या देशात लेह बघा. धौलाधारच्या पायथ्याला धरमशाळेत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि रांगांमागून रांगा ओलांडून लेहला पोचलं की वर्षाला शंभर. उन्हाळ्यातला मोसमी वारा दक्षिणेला अडकतो आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळंही वाटेतच रिकामी होतात. दोन्ही दारांना डोंगर, म्हणून ते थंड वाळवंट.

थरचं मात्र वेगळं आहे. ते डोंगराने केलेलं वाळवंट नाही. अरवली वाऱ्याला जवळजवळ समांतर आहे, ती ना अडवते ना चढवते. थरवर मुळात खाली बसणारी कोरडी हवा आहे. आणि गंमत अशी की, १९९६ मध्ये रॉडवेल आणि हॉस्किन्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं, भारतातल्या पावसाने सुटलेली उष्णताच पश्चिमेकडच्या प्रदेशांवर हवा खाली बसवायला हातभार लावते. अरवलीत जिथे हवेला चढावं लागतं तिथे, माउंट अबूला, दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतोच. सहारा, थर यांच्याबद्दल "डोंगरामुळे" असं मुलीने परीक्षेत लिहू नये.

मग माण? सर्वसाधारणपणे २५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर वाळवंट म्हणतात. माणला त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळतो, आणि तो येतो दुसऱ्या दारातून. सप्टेंबर लागला की पश्चिमेचा वारा मऊ पडतो. बंगालच्या उपसागरातून ओलसर हवा पूर्वेकडून आत येते. पूर्व घाट सलग नाही, गोदावरी-कृष्णेने तो ठिकठिकाणी फोडलेला आहे, त्यामुळे ही हवा सह्याद्रीसारख्या चाळणीतून गेलेली नसते. आणि हवेला वर उचलायला डोंगरच लागतो असं नाही, तापलेली जमीनही उचलते. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला पूर्वेला काळा मनोरा उभा राहतो, पाचला वारं फिरतं, मातीचा वास येतो, आणि तासाभरात साठ-सत्तर मिलिमीटर. माझ्या त्याच नोंदवहीत सप्टेंबरच्या एका ओळीत अख्ख्या जुलैपेक्षा मोठा आकडा असतो. सोलापूरच्या पट्ट्यात सप्टेंबर हाच वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना आहे. मुंबईला तो मान जुलैचा.

तुमच्या आजोबांना हे पूर्ण ठाऊक होतं. मृगापेक्षा उत्तरा आणि हस्त यांच्याकडे डोळे लावून बसायचं, शाळू हस्ताच्या ओलीवर पेरायचा, खरिपात बाजरी, मटकी, हुलगा अशी थोडक्यात भागवणारी पिकं घ्यायची, ही सगळी रीत दुसऱ्या दारावर उभी आहे. हे दार भरवशाचं नाही. उपसागरात कमी दाबाचे पट्टे झाले नाहीत, किंवा झाले आणि उत्तरेकडे निघून गेले, तर वर्ष गेलंच. १९७२चा दुष्काळ असो की २०१२-१३चे टँकर आणि चारा छावण्या, माणवर ती वेळ आली ती अशाच वर्षी. म्हणून या भागाला वाळवंट न म्हणता अवर्षणप्रवण म्हणतात, आणि तो शब्द अगदी बरोबर आहे. वाळवंटातल्या माणसाला माहीत असतं की पाऊस येणार नाही. माणच्या माणसाला दर वर्षी वाट बघावी लागते.

राहिला खिंडीचा प्रश्न. निसर्गाने हा प्रयोग करून ठेवलेला आहे. केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर सह्याद्रीला पालघाटची खिंड आहे, जवळजवळ तीस किलोमीटर रुंद. तिच्यातून मोसमी वारा सरळ आत जातो. खिंडीच्या पूर्वेला कोइम्बतूर आहे, आणि तिथे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोठा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. वारा मिळाला, थोडी गार हवा मिळाली, पवनचक्क्यांना वेग मिळाला. पाऊस मिळाला नाही, कारण खिंडीतून जाणाऱ्या हवेला कोणी वर उचललंच नाही. घाट कापला तर देशावर पाऊस वाढणार नाही आणि घाटमाथ्यावरचा मात्र कमी होईल.

आणि तो कमी होऊन कोणालाच परवडणार नाही. कृष्णा, कोयना, नीरा, भीमा या सगळ्या नद्या घाटमाथ्यावर उगवतात आणि पूर्वेला, सावलीतून वाहतात. सह्याद्रीने माथ्यावर पिळून घेतलेल्या पाण्याचा मोठा वाटा तो नदीने देशावर परत पाठवतो. वाई, कऱ्हाड, सांगली हिरवी आहेत ती स्वतःच्या पावसावर कमी आणि या परत आलेल्या पाण्यावर जास्त. माणचं दुःख वेगळं आहे. माणगंगा सावलीतच, महादेवाच्या डोंगरात उगवते. तिचा उगमच कोरड्या आभाळाखाली. पाऊसही दुसऱ्या दाराचा आणि नदीही घरचीच. म्हणून उरमोडी, जिहे-कठापूरसारख्या योजनांनी कृष्णा खोऱ्याचं पाणी पंपाने उचलून इकडे आणावं लागतं. खिंडीवर चर्चा करणाऱ्या गावकऱ्यांना मी नेहमी सांगतो, वारा आणायच्या गोष्टी सोडा, ही योजना तुमच्या शिवारापर्यंत किती आवर्तनं देणार ते लेखी विचारा, आणि हस्ताच्या त्या तीन-चार मोठ्या पावसांचं पाणी बांधावर थांबतंय का ते बघा. वर्षाचा अर्धा पाऊस आठ-दहा तासांत पडत असेल, तर सगळा खेळ त्या आठ-दहा तासांचा आहे.

मुलीला करून बघायचं असेल तर सोपं आहे. सरळ उभ्या भिंतीचे, एकसारखे तीन डबे घ्या. निमुळती बाटली नको, आकडा चुकतो. एक पुण्यात गच्चीवर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. एक गावी. तिसरा वाई किंवा पाचगणीला कोणी ओळखीचं असेल त्यांच्याकडे. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं आणि डबा रिकामा करायचा, हवामान खात्याची वेळही तीच. जून ते ऑक्टोबर. वहीत आकड्याशेजारी एक रकाना आणखी ठेवायला सांगा: वारा कुठून. जुलैत तिन्ही वह्यांत पश्चिम येईल आणि आकडे पायरीपायरीने उतरतील. सप्टेंबरमध्ये एखाद्या दिवशी गावचा डबा पाचगणीपेक्षा जास्त भरेल. त्या दिवशी वारा कोणी नोंदवला होता आणि कुठला, हे तिने आधी बघावं.